तीन राजीनामे आणि एक निवडणूक

आपल्या जिल्ह्यात निवडणूक ग्रामपंचायतीची असो, सोसायटीची असो की साखर कारखान्याची, पारावर एक प्रश्न हमखास निघतो : माणूस पाहायचा की पॅनेल? म्हातारी माणसे बहुधा "माणूस पाहा" असे सांगतात, आणि मतदानाच्या आदल्या रात्री सगळे गाव पॅनेलप्रमाणे वाटले जाते. हा प्रश्न केवळ गावापुरता आहे असे मला पूर्वी वाटे. राज्यशास्त्राच्या अभ्यासात १९६९ सालच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचे प्रकरण वाचले, तेव्हा ध्यानात आले की देशाच्या सर्वोच्च पदासाठी मतदान करणाऱ्या खासदार-आमदारांपुढेही नेमका हाच प्रश्न उभा होता. शिवाय त्या निवडणुकीत एक मराठी माणूस उभा होता आणि तो तिसरा आला. आपल्याकडे त्या निवडणुकीची गोष्ट सांगताना इंदिरा गांधी आणि 'सिंडिकेट' यांच्या भांडणाचीच गोष्ट सांगितली जाते. उमेदवार कोण होते, त्यांची मते काय होती, आयुष्यात त्यांनी कशासाठी काय सोडले होते, हे दोन ओळींत उरकले जाते. म्हणून प्रस्तुत लेखात उमेदवारांकडेच पाहायचे मी ठरवले आहे.

प्रथम प्रसंग थोडक्यात. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकटगिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैमध्ये काँग्रेसची बैठक बंगलोरला भरली. पंतप्रधान इंदिरा गांधींच्या मनात जगजीवन राम होते; संसदीय मंडळातील बहुमताने मात्र लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांचे नाव पक्के केले. यशवंतराव चव्हाणांनीही रेड्डींच्याच बाजूने मत दिले. तेव्हा गिरी अपक्ष म्हणून उभे राहिले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी चिंतामणराव देशमुखांना उभे केले. एकूण उमेदवार पंधरा होते, कारण त्या काळी एक सूचक आणि एक अनुमोदक मिळाला की अर्ज भरता येई, अनामत रक्कमही नसे. पंधरांत पांडुरंग नथुजी राजभोज यांचेही नाव होते. १९५२ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे सोलापुरातून लोकसभेवर गेलेले हे राजभोज. पण खरी लढत तिघांची.

आता या तिघांच्या आयुष्यांकडे पाहू. एकमेकांना छेद देत ती कशी चालली होती, हे मला फार विलक्षण वाटते. १९३१ साली लंडनला दुसरी गोलमेज परिषद भरली, तिथे गिरी औद्योगिक कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते आणि देशमुख सरकारी अधिकारी म्हणून परिषदेच्या चिटणीसवर्गात होते. मग १९४२ चा लढा आला. आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद कोंडलेले होते हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच काळात गिरी आणि रेड्डी या दोघांनीही अमरावतीच्या तुरुंगात दिवस काढले. आणि देशमुख? ऑगस्ट १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. त्या खुर्चीवर बसणारे पहिले भारतीय. पुढल्या वर्षी त्यांना 'सर' ही पदवीही मिळाली.

एवढ्यावर निकाल लावायचा तर फार सोपे आहे. दोघे तुरुंगात आणि एक साहेबाच्या चाकरीत! १९६९ साली हा आक्षेप घेणारे होतेच. पण ज्या नेहरूंना आपल्या किल्ल्यात डांबले होते, त्यांनीच १९५० साली या आय. सी. एस. अधिकाऱ्याला आपला अर्थमंत्री केले, ही गोष्टही त्याच पानावर लिहायला हवी. तुरुंगवास ही मोठी कसोटी आहे यात शंका नाही, परंतु ती सत्ता नसतानाची कसोटी आहे. सत्ता हाती असताना माणूस काय सोडू शकतो ही निराळी कसोटी, आणि राष्ट्रपतिपदासाठी तीच अधिक उपयोगाची असे माझे मत आहे. सुदैवाने ती लावण्याची सोय आहे. तिघांनीही सत्तेवरून राजीनामे दिलेले होते.

पहिला राजीनामा गिरींचा, ऑगस्ट १९५४ चा. गिरी मूळचे बेऱ्हमपूरचे; कायदा शिकायला डब्लिनला गेले, तिथे आयरिश स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढले गेले आणि १९१६ साली त्यांना परत यावे लागले. पुढे त्यांनी रेल्वे कामगारांची संघटना बांधली. १९५२ साली ते केंद्रात मजूरमंत्री झाले. मालक आणि कामगार यांनी समोरासमोर बसून तडजोड करावी, दर वेळी लवादाच्या दारात जाऊ नये, हा त्यांचा आग्रह होता आणि त्याला 'गिरी पद्धती' असे नावच पडले होते. बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराबाबत लवादाचा निवाडा झाला. सरकारने तो जसाच्या तसा न स्वीकारता कर्मचाऱ्यांच्या पदरी कमी पडेल असा बदलला. लहान बँकांना हा बोजा पेलणार नाही, असे अर्थखात्याचे म्हणणे. गिरींना ते मान्य झाले नाही आणि ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्या वेळी अर्थमंत्री कोण होते? चिंतामणराव देशमुख! म्हणजे १९६९ साली एकमेकांसमोर उभे राहिलेले हे दोन उमेदवार पंधरा वर्षांपूर्वी एकाच मंत्रिमंडळात एकाच प्रश्नाच्या दोन बाजूंना होते. पुढे या प्रश्नावर आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या निधनानंतर न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी ते काम पुरे केले आणि १९५५ साली कर्मचाऱ्यांना बरेचसे परत मिळाले. निकाल गिरींच्या बाजूने लागला म्हणायला हरकत नाही.

दुसरा राजीनामा देशमुखांचा. हा मराठी वाचकांना सांगायला नको, तरी सांगते. कारण आमच्या पिढीला संयुक्त महाराष्ट्र म्हणजे १ मेची सुट्टी एवढेच माहीत. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे जाहीर झाले. मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. रायगडाच्या पायथ्याजवळील नाते गावी जन्मलेले आणि कुलाबा मतदारसंघातून निवडून आलेले देशमुख अर्थमंत्री होते. त्यांनी राजीनामा पुढे केला आणि जुलैमध्ये ते पद सोडून गेले. जाताना लोकसभेत जे निवेदन केले त्यात केवळ मुंबईचा प्रश्न नव्हता. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता जाहीर होतो, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली जाते, हे त्यांचे दुखणे होते. नेहरूंची लोकप्रियता कळसाला असताना त्यांच्या तोंडावर हे बोलणारा मनुष्य सौम्य प्रकृतीचा, संस्कृतचा व्यासंगी, 'मेघदूता'चे मराठीत पद्यरूपांतर करणारा होता. चळवळीच्या सभांत गर्जना करणारे अनेक होते. पण खुर्ची सोडणारे किती होते, ते ज्याचे त्याने मोजावे.

तिसरा राजीनामा रेड्डींचा आणि तो जरा वेगळ्या जातीचा आहे. रेड्डी अनंतपूर जिल्ह्यातले. कॉलेज सोडून चळवळीत पडले. आंध्र प्रदेशाचे ते पहिले मुख्यमंत्री, मध्यंतरी काँग्रेसचे अध्यक्ष, मग पुन्हा मुख्यमंत्री. कर्नूल जिल्ह्यातील बसमार्ग सरकारने ताब्यात घेतले, त्यावरून बसमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. राजकीय विरोधकांना धडा शिकवण्यासाठी हे मार्ग निवडले, असा आरोप होता. मुख्यमंत्र्यांनी त्याला शपथपत्राने उत्तर दिले नव्हते. न्यायालयाने प्रतिकूल शेरा मारला आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये रेड्डींनी मुख्यमंत्रिपद सोडले. पहिले दोन राजीनामे दुसऱ्याच्या निर्णयाविरुद्ध होते, हा स्वतःवर आलेल्या ठपक्यामुळे होता. त्यामुळे काहीजण याला कमी लेखतील. मला तसे वाटत नाही. न्यायालयाचे ताशेरे म्हणजे हवेत विरणारी वाफ, असे मानणारे पुढारी आपण इतके पाहिले आहेत की रेड्डींचे वागणे आज जुन्या पोथीतले वाटते. १९६७ साली लोकसभेचे सभापती झाल्यावर त्यांनी पक्षाचे सदस्यत्वही सोडले, हे दुसरे उदाहरण.

मग धोरणांचे काय? इथे गंमत आहे. वर्तमानपत्री चित्र असे रंगवले गेले की गिरी म्हणजे समाजवाद, देशमुख म्हणजे भांडवलशाही आणि रेड्डी म्हणजे जुने खोड. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला, त्याने हे चित्र आणखी गडद झाले. आपल्याकडच्या ऊसवाल्याला, कांदेवाल्याला या बँकांचे दार तोवर बंदच होते. व्यापारी बँकांच्या एकंदर कर्जांपैकी शेतीला जेमतेम शेकडा दोन मिळत. गावात कर्ज म्हणजे सोसायटी, नाहीतर सावकार. तेव्हा या निर्णयाचे स्वागत झाले ते उगाच नव्हे. परंतु ज्या देशमुखांना 'बँकवाल्यांचा उमेदवार' ठरवले गेले, त्यांचा इतिहास काय सांगतो? १९४९ साली रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली तेव्हा गव्हर्नर तेच. इंपीरियल बँक ताब्यात घेऊन १ जुलै १९५५ ला स्टेट बँक निघाली, आणि तिने खेडोपाडी शाखा काढाव्यात हा हेतू होता, तेव्हा अर्थमंत्री तेच. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले तेही त्यांनीच. खाजगी उद्योगांचा कैवार घेणाऱ्या स्वतंत्र पक्षाने असा उमेदवार निवडावा, आणि समाजवादाची भाषा करणाऱ्यांनी त्याला भांडवलदारांचा हस्तक म्हणावे, यात धोरणांची तुलना कुठे राहिली? लेबले पाहिली, बाटलीतले औषध कुणी पाहिले नाही.

बँकांच्या त्या वटहुकमावर सही कुणाची होती? हंगामी राष्ट्रपती गिरींची. संसदेचे अधिवेशन २१ जुलैला भरणार होते. १९ ला वटहुकूम, २० ला गिरींचा हंगामी पदाचा राजीनामा. निवडणुकीला उभे राहिलेल्या माणसाने जाता जाता एवढ्या मोठ्या हुकमावर सही करावी काय, हा प्रश्न मला बोचतो. सही नाकारण्याचा अधिकार त्यांना होता असे नव्हे. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो, हा संकेत तेव्हाही होता. राज्यघटनेत तो स्पष्ट शब्दांत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आला, आणि सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने दिली. मग प्रश्न असा निघतो की ज्याला स्वतःचे धोरण राबवताच येत नाही त्याच्या धोरणांची तुलना करायची कशाला? माझे उत्तर असे : राष्ट्रपतीच्या बाबतीत धोरण म्हणजे कार्यक्रम नव्हे. पंतप्रधानाला तो केव्हा आणि कोणत्या शब्दांत "पुन्हा विचार करा" म्हणेल, लोकसभेत कुणालाच बहुमत नसेल तेव्हा कुणाला बोलावील, एवढेच त्याचे धोरण. ते त्याच्या जाहीरनाम्यात सापडत नाही, त्याच्या राजीनाम्यात सापडते.

प्रचारात मात्र याचा मागमूस नव्हता. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मते मागायला स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पुढाऱ्यांना भेटले, त्यावरून गदारोळ उठला. ज्या रेड्डींच्या अर्जावर इंदिराजींनी स्वतः सूचक म्हणून सही केली होती, त्यांच्याच पक्षात 'सदसद्विवेकबुद्धीने मत द्या' अशी हाक उठली. या निवडणुकीत मतदान गुप्त असते, पक्षादेश चालत नाही. त्यामुळे हाक कायद्याला धरूनच होती. पण सदसद्विवेकबुद्धी नेमकी गटाच्या रेषेवरच येऊन थांबावी हे नवलच!

याहून वाईट प्रकार म्हणजे रेड्डींच्या खाजगी चारित्र्यावर चिखल उडवणारे एक निनावी पत्रक संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात फिरले. निवडणुकीनंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. खुद्द राष्ट्रपती गिरी साक्षीसाठी न्यायालयात हजर झाले. १९७० साली याचिका फेटाळली गेली. पत्रकात गिरींचा हात किंवा संमती नव्हती आणि त्याने निकालावर लक्षणीय परिणाम झाला नाही, असे न्यायालयाचे मत पडले. नगरकरांना हा विषय परका नाही. १९९१ च्या अहमदनगर लोकसभा निवडणुकीत यशवंतराव गडाख निवडून आले, बाळासाहेब विखे पाटील हरले. प्रतिस्पर्ध्याच्या वैयक्तिक वर्तनाविषयी खोटी विधाने केल्याच्या मुद्द्यावर, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) खाली, ती निवडणूक उच्च न्यायालयाने रद्द ठरवली आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भाग कायम ठेवला. माणूस पाहावा हे खरे, पण तो कुठवर पाहावा याची सीमा कायद्याला आखावी लागली, आणि त्या सीमेचा एक खुंटा आपल्या जिल्ह्यात ठोकला गेला.

आता मतमोजणी. ती समजल्याशिवाय निकालातली खोच कळत नाही. समजा आपल्या महाविद्यालयात शंभर मतदार आहेत आणि तीन उमेदवार. प्रत्येकाने नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. जिंकायला निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१ हवीत. पहिल्या पसंतीत अ ला ४८, ब ला ३८, क ला १४ मिळाली. कुणीच ५१ ला पोचले नाही. मग क बाद, आणि त्याच्या चौदा पत्रिका उघडून दुसरी पसंती पाहायची. त्यांपैकी ११ ब ला आणि ३ अ ला गेल्या, तर अ चे ५१ होऊन तो निसटता जिंकतो. जवळजवळ हेच १९६९ ला घडले. फरक एवढाच की तिथे प्रत्येक मताचे मूल्य वेगळे असते. आमदाराच्या मताचे मूल्य त्या राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. १९६९ ला महाराष्ट्रातील एका आमदाराचे मत १४६ चे होते, खासदाराचे ५७६ चे. सध्या १९७१ ची लोकसंख्या धरली जाते. त्यानुसार आपल्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे, आणि अकोल्यापासून जामखेडपर्यंतच्या जिल्ह्यातील बारा आमदारांचे मिळून २,१००.

१६ ऑगस्टला मतदान झाले, २० ला मोजणी. गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. राजभोजांना ८३१. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. छोटे उमेदवार आणि शेवटी देशमुख बाद होऊन दुसरी पसंती मोजली, तेव्हा गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. देशमुखांच्या मतदारांनी बहुसंख्येने रेड्डींनाच दुसरी पसंती दिली होती, तरीही गिरी कोट्याच्या वर १,९०८ ने गेले. राष्ट्रपतिपदासाठी दुसऱ्या पसंतीपर्यंत जावे लागले ते आजवर त्या एकाच वेळी.

मराठी माणसाचे काय झाले, हा प्रश्न मनात येतोच. ज्याने महाराष्ट्रासाठी अर्थमंत्रिपद सोडले, त्याच्यामागे महाराष्ट्रातली काँग्रेस उभी राहिली नाही. पक्षाचा उमेदवार दुसरा होता, हे कारण रास्तच आहे. पण २००७ साली शिवसेनेने आघाडीचा उमेदवार भैरोंसिंह शेखावत असताना आघाडी मोडून प्रतिभाताई पाटलांना मते दिली, केवळ त्या मराठी म्हणून. त्या ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ अशा सहज जिंकल्या, शिवसेनेच्या मतांवाचूनही जिंकल्या असत्या. भाषेचा अभिमान फुकटात दाखवता येतो तेव्हा तो दाखवला जातो, एवढे या दोन उदाहरणांवरून मी म्हणू धजते.

मी असते तर पहिली पसंती देशमुखांना दिली असती, ती मराठी म्हणून नव्हे. लोकप्रिय पंतप्रधानाला "तुमची पद्धत चुकते आहे" असे सभागृहात सांगून पद सोडलेला माणूस त्या तिघांत तोच होता. दुसऱ्या पसंतीसाठी मात्र मी बराच काळ अडले. अखेर रेड्डींचे नाव लिहिले असते; सभापतिपदासाठी त्यांनी पक्ष सोडला होता म्हणून. आमच्या वर्गातील अनेकांना हे पटले नाही. गिरींचा १९५४ चा राजीनामा तिघांत सर्वांत निर्मळ होता, कारण त्यात ना स्वतःचा प्रांत होता ना स्वतःवरचा डाग, असे एका मैत्रिणीचे म्हणणे, आणि ते खोडून काढणे मला जमलेले नाही.

पुढचा इतिहासही माझ्या बाजूने सरळ कौल देत नाही. रेल्वे कामगारांची संघटना बांधणारे गिरी राष्ट्रपती असतानाच मे १९७४ चा रेल्वे संप मोडून काढला गेला. त्याच वर्षी दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजारांची अनामत असा नियम झाला. राजभोजांसारख्यांना तो दरवाजा बंद झाला. १९७७ मध्ये रेड्डी राष्ट्रपती झाले, तेही बिनविरोध, कारण बाकीचे सारे अर्ज छाननीत बाद झाले. १९७९ च्या ऑगस्टमध्ये चरणसिंगांनी लोकसभेला सामोरे न जाताच राजीनामा दिला. तेव्हा सरकार बनवण्याची संधी मागणाऱ्या नेत्याला न बोलावता रेड्डींनी लोकसभा बरखास्त केली. तो नेता म्हणजे जगजीवन राम. दहा वर्षांपूर्वी बंगलोरला ज्यांच्या नावावर रेड्डींच्या नावाने मात केली होती तेच.